मोजून की तोलून?

आत्याची पोत मोडायची होती. आत्या धुळ्याची, पण सोनं म्हटलं की तिला जळगावच लागतं. धुळ्यात सराफ नाहीत असं नव्हे. लग्नाकार्याचं सोनं जळगावहून आणायचं ही तिच्या सासूपासून चालत आलेली रीत. तेव्हा सराफ बाजारातल्या एका दुकानात आम्ही दोघं बसलो होतो. काउंटरवर दोन यंत्रं. एक काचेच्या पेटीतला काटा, मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा. पंख्याचा वारा लागला तरी शेवटचा आकडा थरथरतो. दुसरं झाकणाच्या डब्यासारखं, कॅरेट मीटर. पोत त्यात ठेवली, झाकण पडलं आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर तीन ओळी आल्या: सोनं ८६, तांबं ९, चांदी ५.

पोत घेताना बावीस कॅरेट म्हणून घेतली होती, दुसरीकडे कुठेतरी, चाळीसेक वर्षांपूर्वी. बावीस कॅरेट म्हणजे हजारात ९१६. ही निघाली साडेवीसच्या जरा वर. आत्या पडद्याकडे रोखून बघत म्हणाली, "हाई सोनं शे का तांबं?"

मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेला, त्यामुळे नको तिथे बोललो. म्हटलं, आत्या, हे ८६ वजनाचे आहेत. अणू मोजले तर तुझ्या पोतीत शंभरात सत्तरच अणू सोन्याचे. तेवीसएक तांब्याचे, सातएक चांदीचे. सोन्याचा एक अणू तांब्याच्या तीन अणूंहून जड असतो, म्हणून थोडक्या डोक्यांत वजन जास्त भरतं. सराफानं माझ्याकडे पाहिलं ते काही कौतुकानं नाही. आत्यानं मात्र मुद्द्याचं विचारलं: "मंग पैसा मोजीसन देतस का तोलीसन?"

या एका प्रश्नानं रसायनशास्त्राला शंभर वर्षं छळलं होतं.

आधी मोजायचं म्हणजे किती मोजायचं ते बघू. सराफ बाजारात तोळा म्हणजे हल्ली सरळ १० ग्रॅम (जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, ९६ गुंजांचा). शुद्ध सोन्याच्या एका तोळ्यात अणू भरतात ३ वर २२ शून्यं. हा आकडा वाचून कोणाच्याच डोळ्यांसमोर काही येत नाही. म्हणून भास्कराचार्यांकडे जाऊ. ते आपल्याच जिल्ह्याचे म्हणायला हरकत नाही. त्यांचं जन्मगाव नेमकं कोणतं यावर विद्वानांत वाद आहे, पण चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीच्या डोंगराखाली, त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि तसा शिलालेख तिथल्या देवळात आहे. शके ११२८चा, म्हणजे इसवी सन १२०७च्या सुमाराचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाचा शेवटचा भाग तर जुन्या मराठीत आहे.

'लीलावती'त सुरुवातीलाच भास्कराचार्य संख्यांच्या स्थानांची नावं सांगतात. एकं, दहं, शतं करत कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. अठराव्या स्थानाला नावांची यादी संपते. व्यवहाराला एवढी पुरे, असा हिशेब. ११५० साली ती पुरत असणारच, राजाच्या खजिन्यालाही.

आता परार्धभर सोन्याचे अणू घ्या आणि काट्यावर ठेवा. काटा शून्यच दाखवील. परार्ध अणूंचं वजन भरतं एका मिलिग्रॅमचा तिसावा भाग, आणि काट्याचा शेवटचा, थरथरणारा आकडा एक मिलिग्रॅमचा. म्हणजे पंख्याच्या वाऱ्यानं तो आकडा एकानं हलला की तीस परार्धांचा फरक पडला. एका गुंजेत परार्ध भरतात ३,७०० आणि तोळ्यात ३ लाख. जगातली झाडून सगळी माणसं, आठशे कोटींवर, सेकंदाला एक अणू या वेगानं न जेवता न झोपता मोजत बसली तरी एका तोळ्याला लाखावर वर्षं लागतील. आणि त्या तोळ्याचे अणू एकाला एक लावून रांग केली तर ती नेपच्यूनपर्यंत जाऊन जवळजवळ परत येईल. तोळाभर! आत्याच्या पोतीएवढं.

म्हणूनच रसायनशास्त्रज्ञ अणू मोजत नाहीत, तोलतात, आणि वजनावरून संख्या काढतात. बँकेतला कॅशियर चिल्लरीची पिशवी वजनावर घेतो तसं. त्यासाठी एका नाण्याचं वजन माहीत असलं की झालं. अणुवस्तुमान म्हणजे हे एका नाण्याचं वजन. सोन्याचं १९६.९७. त्याचा अर्थ १९६.९७ ग्रॅम सोनं घेतलं की त्यात अणू येतात ६०,२२,१४० परार्धांच्या किंचित वर. ६३.५५ ग्रॅम तांबं घेतलं तरी तेवढेच, ३९.१ ग्रॅम पोटॅशियम घेतलं तरी तेवढेच. हा अवोगाद्रोचा अंक. २० मे २०१९पासून तो जगभर ठरवून टाकलेला आहे. आता प्रयोग करून त्यात एकाचाही फरक पडायचा नाही.

पण नाण्याचं वजन सांगणारे आकडे असे अपूर्णांकात का? तांब्याचा एकही अणू ६३.५५ वजनाचा नसतो. ज्या कोष्टकात मुलं हा आकडा पाठ करतात, तिथं हे कोणी ठळक लिहीत नाही याचं मला नवल वाटतं. तांब्याचे अणू दोन वजनांचे: एक ६२.९३चा, दुसरा ६४.९३चा. निसर्गात पहिले शंभरात ६९, दुसरे ३१. दोघांची मिळून सरासरी ६३.५५. आणि ही सरासरी काढायची रीत पुन्हा 'लीलावती'तलीच. तिथं सुवर्णगणित म्हणून एक प्रकरण आहे: १३, १२, ११ आणि १० वर्णांचं, म्हणजे कसाचं, सोनं अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ मासे घेऊन एकत्र आटवलं, तर लगड किती वर्णाची होईल? प्रत्येकाचा वर्ण त्याच्या वजनानं गुणा, बेरीज २४०, एकूण वजन २०, उत्तर १२ वर्ण. वर्णाच्या जागी अणूचं वजन लिहा आणि माशांच्या जागी टक्केवारी, की अणुवस्तुमान तयार. आठशे वर्षांत या पायरीत काही बदल झालेला नाही.

सोन्याला मात्र सरासरीची गरज नाही. टिकून राहणारा त्याचा अणू एकाच प्रकारचा: ७९ प्रोटॉन, ११८ न्यूट्रॉन, बेरीज १९७. मग वजन १९७च्या किंचित खाली, १९६.९७ का? आणि खरी गंमत तर याहून मोठी आहे. हे १९७ कण आणि बाहेरचे ७९ इलेक्ट्रॉन सुटे सुटे तोलले तर भरतात १९८.६४. एकत्र बांधल्यावर १९६.९७. मधलं वजन गेलं कुठे? सराफाला हे समजावून सांगावं लागत नाही. दागिना घडवला की घट धरतातच. इथली घट तोळ्यामागे ८५ मिलिग्रॅम, आणि ती सोनाराच्या शेगडीच्या राखेत सापडायची नाही. कण एकमेकांना बिलगताना ती ऊर्जा होऊन निघून गेली. किती ऊर्जा? भुसावळजवळ दीपनगरला ५०० मेगावॉटचा एक संच ताशी ५ लाख युनिट वीज देतो. एका तोळ्याच्या घटीची ऊर्जा २१ लाख युनिट, म्हणजे तो संच चार तास पूर्ण ताकदीनं चालवल्यासारखी. ही मजुरी पृथ्वी जन्मायच्याही आधी कुठल्यातरी ताऱ्यांच्या उलथापालथीत चुकती झालेली आहे. आपल्याला उरलेलं सोनं मिळतं.

एवढं वजन असतं कुठे, तेही बघण्यासारखं आहे. १९०९ साली गायगर आणि मार्सडेन यांनी मँचेस्टरला सोन्याच्याच वर्खावर कणांचा मारा केला आणि रदरफर्डनं १९११ साली त्यातून अणूच्या मधोमध असलेलं केंद्रक शोधलं. ते केंद्रक हरभऱ्याच्या दाण्याएवढं केलं तर अणूची हद्द शंभर मीटर लांब जाते. मेहरूण तलावाच्या काठी हरभरा ठेवा आणि शंभर मीटर चालत जा. मधे काही नाही, पार शेवटापर्यंत इलेक्ट्रॉनांचं विरळ धुकं. या धुक्याचं वजन तोळ्यामागे २ मिलिग्रॅम. दागिन्याचा आकार, पिवळेपणा, चकाकी, कसोटीच्या दगडावर उमटणारी रेघ, सगळं या दोन मिलिग्रॅमचं काम. काट्यावर भाव ठरतो तो बाकीच्या ९ ग्रॅम ९९८ मिलिग्रॅमचा, जे कधी कोणी पाहिलेलं नाही.

सोन्याला सोनं करतो तो ७९ हा आकडा. अणुअंक म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या. न्यूट्रॉन कमीजास्त झाले तर वजन बदलतं, जात बदलत नाही. प्रोटॉन एकानं वाढला की पारा, एकानं घटला की प्लॅटिनम. किमया करणाऱ्यांनी पाऱ्यापासून सोनं करायचा ध्यास घेतला तेव्हा ते फक्त एका प्रोटॉननं चुकत होते, पण तो एक काढायला भट्टी उपयोगाची नव्हती. शिशाचा अणुअंक ८२. त्यातून तीन काढले की सोनं. जिनिव्हाजवळच्या सर्नच्या प्रचंड यंत्रात शिशाची केंद्रकं एकमेकांच्या अगदी जवळून सोडली की हे खरंच घडतं. २०१५ ते २०१८ या काळात तिथं सोन्याची ८६ अब्ज केंद्रकं तयार झाली. भास्कराचार्यांच्या भाषेत साडेआठ खर्वांच्या वर. ती क्षणार्धात फुटूनही गेली. न फुटता साठवली असती आणि असे प्रयोग साडेअकरा लाख वेळा केले असते, तर एक परार्ध झाला असता. काट्यानं तरीही शून्य दाखवलं असतं.

आता ते झाकणाचं यंत्र. ते तोलत नाही, घासत नाही, आटवत नाही. धातूवर क्ष-किरण टाकतं. आतल्या घरातला एखादा इलेक्ट्रॉन उडतो, बाहेरचा त्याच्या जागी उडी मारतो आणि त्या उडीतून परत एक क्ष-किरण बाहेर पडतो. उडीचं बळ केंद्रकात किती प्रोटॉन ओढताहेत त्यावर. तांब्याच्या २९ प्रोटॉनांचा किरण एका ताकदीचा, सोन्याच्या ७९ प्रोटॉनांचा दुसऱ्या. न्यूट्रॉनांचा त्यात काही हात नाही. तांबं ६३चं असो की ६५चं, यंत्राला ते सारखंच. प्रत्येक जातीचे किरण किती आले त्यावरून यंत्र हिशेब करून टक्के वजनात छापतं, कारण गिऱ्हाईक वजनाची भाषा बोलतं. ओळख मात्र नंबरावरच.

ही युक्ती हेन्री मोझलेची. १९१३ साली त्यानं एकामागून एक मूलद्रव्यांचे क्ष-किरण मोजले आणि त्याला दिसलं की किरण ठरावीक पायऱ्यांनी चढत जातात, एका मूलद्रव्याला एक पायरी, मधे अर्धी पायरी कुठेच नाही. पुढच्या वर्षी तो अॅल्युमिनियमच्या १३पासून निघून वर चढत गेला आणि थांबला तो नेमका सोन्यावर, ७९ला. त्याच्या पुढच्या वर्षी, १० ऑगस्ट १९१५ला, गॅलिपोलीच्या लढाईत गोळी लागून तो गेला. वय २७. जळगावच्या सराफ बाजारात रोज त्याचा प्रयोग किती वेळा होत असेल कोण जाणे.

मोझलेच्या आधी सगळा कारभार वजनावर होता. १८६९ साली मेंडेलीव्हनं मूलद्रव्यांची मांडणी केली ती वजनाच्या चढत्या क्रमानं. आणि १८९४ साली रॅले आणि रॅमसे यांना हवेत अरगॉन सापडला तेव्हा घोटाळा झाला. गुणधर्मानं अरगॉन पोटॅशियमच्या आधी बसायला हवा, पण वजन ३९.९५. पोटॅशियमचं ३९.१. मेंडेलीव्हला आधी अरगॉन हे मूलद्रव्यच वाटेना. नायट्रोजनचे तीन अणू चिकटून बसले असतील असा त्याचा संशय. वजनाच्या रांगेत हलका माणूस जड माणसाच्या मागे उभा होता आणि कारण कोणालाच सांगता येईना.

कारण शोधायला आत्याच्या पिशवीत हात घालावा लागतो. दुकानातून निघाल्यावर तिनं केळ्यांची फणी घेतली होती, डझनाची. जळगावात येऊन केळी न घेता परतणं तिला पटत नाही. (इकडे रावेर-यावलकडे 'केळी'चं 'केयी' होतं आणि जळगावचं 'जयगाव', धुळ्याच्या आत्याला त्याचं हसू येतं, स्वतःची अहिराणी विसरून.) जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. केळीचा शेतकरी नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी झोपेतही म्हणतो, आणि केळीचं पीक पालाशाला फार हावरट. पालाश म्हणजे पोटॅशियम. एका केळ्यात ते ४०० मिलिग्रॅमच्या वर असतं. अणू मोजले तर ६० हजार परार्धांहून जास्त. या पोटॅशियमचे अणू तीन वजनांचे. ३९चे शंभरात ९३, ४१चे जवळपास ७, आणि ४०चे दहा हजारात एकाच्या किंचित वर. या ४०वाल्याचं केंद्रक ठरून बसलेलं नाही. आज ना उद्या तो जात बदलतो. 'आज ना उद्या' म्हणजे १२५ कोटी वर्षांत निम्मे. इतका सावकाश, तरीही एका केळ्यात असे साडेसात परार्ध अणू असल्यामुळे दर सेकंदाला तेराएक अणूंची पाळी येते.

या बदलण्याची तऱ्हा बघा. दहातले नऊ जण एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन करतात: अणुअंक १९चा २०, पोटॅशियमचं कॅल्शियम. उरलेला एक जण उलटं करतो, एक इलेक्ट्रॉन गिळून प्रोटॉनचा न्यूट्रॉन करतो: १९चा १८, पोटॅशियमचा अरगॉन. वजन तिघांचंही ४०च. तोलून बघणाऱ्याला तिघांत फरक दिसायचा नाही. मोजून बघणाऱ्याला तीन वेगळी मूलद्रव्यं दिसतील, एक धातू, दुसरा धातू, तिसरा वायू.

आणि हवेतला जवळजवळ सगळा अरगॉन असाच जन्मलेला आहे, पृथ्वीच्या पोटातल्या पोटॅशियमपासून, साडेचारशे कोटी वर्षं थेंबे थेंबे. हवेत तो शंभरातला एकही नाही, तरी आपल्या एका श्वासात हजारावर परार्ध अणू भरतात. ताऱ्यांमधला मूळ अरगॉन मुख्यतः ३६ वजनाचा. तोच इथं असता तर तो निमूट पोटॅशियमच्या आधी बसला असता आणि मेंडेलीव्हला झोप लागली असती. पण इथल्या अरगॉननं बापाचं वजन घेतलं, ४०, आणि बापाकडे मात्र ४०वाले नावापुरतेच, म्हणून त्याची सरासरी ३९.१वर. पोर बापापेक्षा जड झालं ते असं.

एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याला पोचेपर्यंत दोन तास गेले. तेवढ्यात पिशवीतल्या बारा केळ्यांत अकरा लाखांच्या आसपास अणूंनी जात बदलली. यात घाबरण्यासारखं काही नाही. आत्याच्या स्वतःच्या शरीरातही पोटॅशियम आहे आणि तेवढ्या वेळात तिच्यात अडीच कोटींच्या वर अणू बदलले. केळं खाल्लं म्हणून हा आकडा वाढत नाही, शरीर जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकतं.

आत्याच्या घराची पायरी काळ्या दगडाची, हातभर रुंद, मधोमध झिजलेली. धुळ्याच्या भोवती हा दगड कुठेही खणा, लागतोच. काही ठिकाणी तर जमिनीतल्या भेगांतून वर आलेला लाव्हा तसाच थिजून मैलोन्‌मैल भिंतीसारखा उभा आहे. या दगडातही थोडं पोटॅशियम असतं. लाव्हा तापलेला असताना आतला अरगॉन उडून जातो आणि थिजला की नवा साठायला लागतो. त्या दिवशी घड्याळ शून्यावर. अरगॉन किती साठला यावरून दख्खनच्या दगडाचं वय काढतात, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं. एवढ्या काळात आतल्या ४०वाल्या पोटॅशियमपैकी शंभरातले जेमतेम चार संपले. आपण ज्याला अनादी समजून पाय पुसतो, ती पायरी त्या घड्याळात अजून सकाळच्या चहालाही पोचलेली नाही.

पायरीवर बसून आत्यानं केळं सोललं, अर्धं मला दिलं आणि सराफाची पावती पुन्हा उलगडली. मोडीचं वजन, टक्के, भाव, वजावट. बोटानं ओळीओळीवर जात ती म्हणाली, "त्यास्नी तोलीसनच दिधं." मग साल शेळीपुढे टाकली.